जनरेटरच्या इंजिनाची गाडी : नवशिक्यांसाठी

भारनियमनाच्या काळात दुकानांच्या पायरीवर धडधडणारे छोटे जनरेटर इन्व्हर्टर आल्यावर माळ्यावर गेले. त्यातला एखादा कुणीतरी 'घेऊन जा, पडूनच आहे' म्हणत तुमच्या गळ्यात मारतो आणि तुमच्या डोक्यात चार चाकं फिरू लागतात. इथवर सगळ्यांचंच होतं.

पायरी पहिली : गाडीचा रंग ठरवा. सगळे इथूनच सुरुवात करतात. निदान एक काम तरी पूर्ण होतं.

पायरी दुसरी : रोटर काढा. मधला लांब बोल्ट सहज सुटतो. रोटर सुटत नाही. तो निमुळत्या शाफ्टवर वर्षानुवर्षं चिकटून बसलाय. नवशिका इथे हातोडा घेतो आणि क्रँक वाकवून ठेवतो. त्यापेक्षा जुन्या बोल्टचं डोकं उडवा, तो आखूड करा, टोकाला करवतीने खाच पाडा (नाहीतर पुन्हा बाहेर कसा काढाल?) आणि क्रँकमध्ये परत फिरवा. रोटरच्या तोंडाशी थोडे मोठे आटे पाडून वरून दुसरा बोल्ट आवळा. मोठा बोल्ट छोट्याला रेटतो आणि रोटर 'टण्' करून सुटतो. त्या आवाजाइतकं समाधान या उद्योगात पुढे कुठेही नाही.

पायरी तिसरी : वेग वाढला की आपोआप धरणारा क्लच बसवा. बाजारातून आणलेल्या क्लचचं भोक सरळ, पाऊण इंची आणि चावीसाठी खाच असलेलं. तुमचा शाफ्ट उतरता, आणि त्यावर बहुधा खाचही नाही. जनरेटरचं काम टेपरच्या पकडीवर आणि बोल्टवर भागत होतं, त्याला चावी कशाला? आता सल्लागार जमतात. एक म्हणतो, पत्रा गुंडाळ. दुसरा म्हणतो, एम-सील लाव. तिसरा सरळ वेल्डिंगचं मशीन घेऊनच येतो. त्याला चहा पाजून परत पाठवा. वेल्डिंगच्या धगीत ऑइल सील जळतं आणि क्लच जन्मभर तिथेच राहतो.

शहाण्याने रोटर भंगारात घालू नये. नेमका तोच टेपर त्याच्या शाफ्टच्या पोटात आहे. तांबं आणि पत्र्यांचा गठ्ठा उतरवा आणि उरलेला शाफ्ट लेथवाल्याकडे न्या : पुढचा भाग पाऊण इंचाला उतरवून चावीची खाच पाडायची, आतल्या टेपरला हात लावायचा नाही. बसवताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे ठक्क हवेत. तेलाचा एक थेंबही पकड घालवतो. क्लच मात्र आता इंजिनापासून लांब गेला, म्हणून बाहेरच्या टोकाला बेअरिंग द्या. जनरेटरमध्येही तिथे बेअरिंग होतंच. ते शोभेला नव्हतं.

पायरी चौथी : अ‍ॅक्सिलरेटर. पन्नास सायकलची वीज देणारा दोन पोलचा जनरेटर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चालतो आणि गव्हर्नर त्याला तिथून हलू देत नाही. म्हणजे दोरी ओढलीत की इंजिन थेट तीन हजारावर, क्लच लगेच धरणार आणि गाडी तुमच्याआधी निघणार. यावर नवशिक्याचा उपाय ठरलेला : गव्हर्नरच काढून टाकायचा. मग मोकळं सुटलेलं इंजिन मर्यादा ओलांडतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड केसिंग फोडून अंगणात येतो. गव्हर्नर राहू द्या. केबल त्याच्या स्प्रिंगला जोडा, म्हणजे वेग तुमच्या हातात आणि वरची हद्द त्याच्याकडे. पाय काढल्यावर इंजिन खाली यावं म्हणून परतीची स्प्रिंगही लावा, आणि वरची हद्द तीन हजारावर अडवणारा स्टॉप स्क्रू ठेवा.

ब्रेक लावा. यावर चर्चा नको.

रस्त्याचं स्वप्न सोडा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 39 नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणू देत नाही, आणि तुमच्या गाडीची नोंदणी करायला आरटीओतला कारकूनही हसत तयार होणार नाही. शेत, वाडी, आवार एवढंच तुमचं राज्य.

आणि अजून इंजिन घेतलंच नसेल, तर जनरेटर त्याच्या मालकाकडेच राहू द्या. बागायतदारांकडे पट्ट्यावर चालणाऱ्या फवारणी पंपांची जुनी इंजिनं निघतात. त्यातल्या बऱ्याच इंजिनांचा शाफ्ट सरळ आणि चावीसकट असतो. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. व्हर्निअर बरोबर न्या, शाफ्टच्या मुळाशी लावा, टोकाशी लावा. दोन्हीकडे एकच माप आलं तरच पैसे मोजा.