जेन्युइनकाका

जेन्युइनकाका प्रत्येक सोसायटीत एक असतातच. पुण्यात दोन असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ज्यांच्या गाडीचं बॉनेट वर आहे पण हाताला ग्रीसचा डाग नाही, ते काका समजावेत. हातात फडकं असतं, तेही धुऊन वाळवलेलं. गाडी बारा वर्षांची. मागच्या सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. मे महिन्यात नातवंडं त्याला चिकटतात आणि सुटताना चर्र आवाज येतो, पण सीट कोरी आहे.

काकांना साऱ्या जगाला एकच विचारायचं असतं : ‘कंपनीचा आहे का?’ मग तो ब्रेक पॅड असो, फॅन बेल्ट असो, नाहीतर टायरच्या व्हॉल्व्हची एवढीशी टोपी. कंपनीचा असेल तर काका भाव करत नाहीत. घरी काकूंना आकडा सांगताना मात्र तो थोडा उतरलेला असतो.

वॉरंटी होती तोवर काका सुखात होते. सर्व्हिस सेंटरच्या एसीत बसून फुकटची कॉफी प्यायची, काचेपलीकडे लिफ्टवर चढलेली आपली गाडी न्याहाळायची, आणि टाय लावलेला अ‍ॅडव्हायझर ज्याला ज्याला ‘चेंज करावं लागेल, सर’ म्हणेल त्याला मान डोलवायची. वॉरंटी संपली आणि पुढच्याच बिलातला लेबरचा आकडा काकांना झोंबला. तेव्हापासून गाडी झाडाखालच्या मेकॅनिककडे जाते. करार मात्र पक्का : ‘लेबर तुझं, पार्ट माझे.’ मेकॅनिकला हे मनातून रुचत नाही. पार्टामागे दुकानदाराकडून सुटणारे चार पैसे बुडतात, हे त्याचं खरं दुखणं. तोंडाने तो ‘काका, या वयात उन्हात कशाला फिरता?’ एवढंच म्हणतो.

काका उन्हातच फिरतात आणि नाना पेठेत पोचतात. तिथे गाडीच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून आहेत आणि काउंटरवरच्या पोरांना पार्ट नंबर तोंडपाठ असतात.

‘ब्रेक पॅड. पुढचे. कंपनीचे.’

‘कंपनीच्या खोक्यातले देऊ, का कंपनीला बनवून देतो त्याच्या खोक्यातले?’

‘फरक काय?’

‘खोक्याचा. आणि पाचशे रुपयांचा.’

‘आणि ते वरच्या फळीवरचे?’

‘ते तुमच्यासाठी नाहीत, काका.’

पोरगा खोटं बोलत नसतो. मोटार कंपनी साधारणपणे इंजिन आणि बॉडी स्वतः घडवते. बाकीचे शेकडो भाग बाहेरून येतात. बेअरिंग एकाचं, शॉकॲब्सॉर्बर दुसऱ्याचा, हेडलाइट तिसऱ्याचा. यातले कितीतरी कारखाने चाकण, भोसरी, चिंचवडलाच आहेत, म्हणजे काकांच्या बाल्कनीतून दुर्बीण लावली तर दिसावेत. तोच कारखानदार तसाच भाग स्वतःच्या नावाने बाजारात विकतो, बहुतेकदा स्वस्तात. कधीकधी तर जिथे मोटार कंपनीचा शिक्का उठवलेला असतो, तेवढीच जागा ग्राइंडरने घासून टाकलेली सापडते. पोराने असा एक भाग काकांपुढे ठेवला. काकांनी त्या चकचकीत पट्ट्यावरून दोनदा अंगठा फिरवला, उजेडात तिरका धरला आणि निकाल दिला : ‘खुणा मिटवल्यात. चोरीचा माल.’

गंमत पुढेच आहे. काकांची सगळी नोकरी भोसरीच्या अशाच एका कारखान्यात, क्वालिटी डिपार्टमेंटात झाली. एका लाइनवरून उतरलेला माल दोन वेगळ्या खोक्यांत जाताना त्यांनी मायक्रोमीटर हातात धरून पाहिलाय. त्याबद्दल छेडलं तर म्हणतात, ‘कंपनीला जायचा तो आम्ही निवडून पाठवायचो.’ यात अगदीच तथ्य नाही असं नाही. मोटार कंपनी ड्रॉइंग देते, कच्च्या मालाची प्रत ठरवून देते, मनासारखा नसेल तर लॉटच्या लॉट परत धाडते. बाजारात जाणाऱ्या मालावर तेवढीच करडी नजर असेल याची खात्री कुणी द्यावी? ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांच्या बाबतीत काकांचा हट्ट मला मान्य आहे. तिथे पैसे वाचवणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही. पण पायाखालचं मॅटसुद्धा पार्ट नंबर सांगून मागायचं म्हणजे अतीच झालं.

शिवाय बनवणाऱ्याला आपला माल परस्पर विकायची मोकळीक असतेच असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी : तुम्ही सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नाही आणि गिऱ्हाइकाला कोंडीत पकडता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. बातमीचं कात्रण काकांच्या फाइलमध्ये आहे, पण त्यांनी काढलेला अर्थ आयोगालाही सुचला नसेल : ‘एवढा दाबून ठेवतात, म्हणजे माल किती भारी असेल बघा!’

घरात मात्र हा बाणा चालत नाही. मिक्सरच्या भांड्याचं रबर वर्षानुवर्षं तुळशीबागेतून येतं आणि चटणी उत्तम वाटली जाते. काकूंनी एकदा हे दाखवून दिलं, तर ‘मिक्सर ऐंशीच्या स्पीडने एक्स्प्रेसवेवर जात नाही’ म्हणून काका पेपरात शिरले. गाडी शेवटची एक्स्प्रेसवेवर कधी गेली, हे काकूंनी विचारलं नाही. त्या समंजस आहेत.

काकांचा खरा जीव खोक्यावर. पार्ट काय, बोल्ट आवळले की दिसेनासा होतो, खोकं उरतं. आधी होलोग्राम नखाने खरवडून बघायचा, मग पार्ट नंबर, मग छापील किंमत, आणि शेवटी वास. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनने तारीख आणि किलोमीटर टाकले की खोकं माळ्यावर. बदललेला जुना भागही काका मेकॅनिककडून मागून आणतात. नवा खरंच बसवला याचा तो पुरावा, आणि ही सवय शहाणपणाची आहे. फक्त ते बुश आणि लिंक रॉड बाल्कनीत तुळशीशेजारी वर्षानुवर्षं का ठेवायचे, ते मला कळलेलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत काकू माळा रिकामा करतात. एकही कोपरा न दुमडलेली, कंपनीची अस्सल रिकामी खोकी! रद्दीवाला वजन न करताच बरे पैसे टेकवतो, याचं काकूंना नवल वाटतं. मला वाटत नाही. नकली फिल्टर वळायला फार अक्कल लागत नाही; अडतं ते खोक्यापाशी. आणि नक्कल कुणी सोम्यागोम्याच्या मालाची करत नाही, नावाजलेल्याचीच करतो. त्यामुळे डुप्लिकेट सापडायचं ते कंपनीच्याच खोक्यात. म्हणूनच जाणते लोक सांगतात, पार्ट बसवला की खोकं फाडून टाका. काका खोकं फाडणार? त्यापेक्षा ते गाडी विकतील.

सोसायटीत एक किस्सा सांगतात. काका तो साफ नाकारतात, म्हणून खरा असावा. एकदा नेहमीचं दुकान बंद होतं, तेव्हा काकांनी दुसरीकडून ऑइल फिल्टर घेतला. होलोग्राम बरोबर, नंबर बरोबर. घरी येऊन टिपण करायला झाकण उघडलं, तर आत निळ्या बॉलपेनने आधीच लिहिलेलं : ‘४२,३१० कि. मी.’ अक्षर ओळखीचं. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, ‘खोकं मात्र ओरिजिनल आहे.’

गेल्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी लेन्सचं दरपत्रक पुढे ठेवलं. काही भारतीय, काही इम्पोर्टेड, किमती जिना चढत गेलेल्या. काकांनी सगळ्या ओळींवरून बोट फिरवलं.

‘यात ओरिजिनल कुठली?’

‘ओरिजिनल आपण काढतोय, काका. तीच खराब झालीय.’

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. काका जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांच्यातला क्वालिटीवाला जागा झाला.

‘ठीक आहे. जुनी परत द्याल ना?’

‘ती आतल्या आत फोडून ओढून घेतात. हातात देण्यासारखं काही राहत नाही.’

‘मग बदलली कशावरून?’

डॉक्टरांची या प्रश्नालाही हरकत नव्हती. लेन्सच्या खोक्यात नंबर छापलेले स्टिकर येतात आणि त्यातला एक डिस्चार्ज कार्डावर लावतात, हे त्यांनी सविस्तर समजावून सांगितलं. काकांनी ते लक्ष देऊन ऐकलं.

‘स्टिकर कार्डावर लावा,’ काका म्हणाले, ‘खोकं माझ्याकडे द्या.’