आमच्याकडे चालतंय

वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येक छोट्या कंपनीत एक 'आमच्याकडे चालतंय' असतो. पगार कोडिंगचा घेतो आणि निम्मा दिवस फोनवर निकाल देतो. आमच्यातल्याच्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत, दोन्हींवर क्रोमच. फायरफॉक्स त्याच्या लेखी चुलत घराण्यातला: आहे हे माहीत, जाणंयेणं नाही.

लक्ष्मी रोडवरच्या एका साडीवाल्या काकांना त्याने गॅलरीत फोटो उचलून पुढेमागे लावायचं प्लगइन बसवून दिलं. आठवड्यात फोन.

"अहो, पैठणी जागची हलत नाही."

"काका, आमच्याकडे चालतंय."

"मग दुकान तुमच्याकडे हलवू का?"

पुढची चौकशी ठरलेली. कॅशे साफ केला? इनकॉग्निटोत पाहिलं? ॲडब्लॉकर बंद करा, मशीन रीस्टार्ट करा. काकांनी दिसेल त्या चौकटीवर टिक केल्याने साठवलेले पासवर्डही गेले, पैठणी तिथेच. जो प्रश्न पहिला विचारायचा तो हा गृहस्थ शेवटी विचारतो: "ब्राउझर कुठला?"

दुकानातल्या जुन्या पीसीवरचा फायरफॉक्स.

इथे गडी खुलतो. दोष आपला नसून जगाचा आहे म्हटल्यावर त्याला दहा हत्तींचं बळ येतं. खुर्ची वळवून तो आम्हाला सांगतो की, १९९९ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ड्रॅग-अँड-ड्रॉप जसं केलं होतं, त्यावरूनच एचटीएमएल५ चे नियम बेतले गेले. एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला, खोडी मागे ठेवून. वस्तू टाकू द्यायची असेल तर 'ड्रॅगओव्हर'ला आधी 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' म्हणावं लागतं. म्हणजे 'या' म्हणायला 'नको' म्हणायचं! फायरफॉक्सचा तर वर्षानुवर्षं हट्ट होता, की 'ड्रॅगस्टार्ट'ला काहीतरी डेटा सोबत दिल्याशिवाय चौकट उचलणारच नाही. यातलं एक अक्षर खोटं नसतं. पैठणी मात्र इतिहासाने हलत नाही.

मग एक ओळ वाढवून तो डेटा म्हणून फोटोचा पत्ता देतो आणि 'ड्रॉप'ला तेच 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' लिहायचं विसरतो. काका पैठणी उचलतात, सोडतात. फायरफॉक्स आज्ञाधारकपणे तो पत्ता उघडतो. गॅलरी गायब, पडदाभर पैठणी.

"अहो, सरकव म्हटलं तर यानं साडी अंगावरच टाकली!"

तेही निस्तरलं. तोवर काकांच्या सूनबाईंचा फोन. त्या फोटो मोबाइलवरूनच लावतात, आणि तिथे बोट फिरवलं की पानच वर सरकतं. आपलं प्लगइन माऊसच्या भरवशावर, बोटाला ते दादच देत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तरी तो म्हणतो, "ताई, क्रोममध्ये बघा ना."

"क्रोमच आहे. आयफोनवर."

आयफोनवरच्या क्रोमच्या पोटात सफारीचंच इंजिन असतं, हे आमच्याकडच्या शिकाऊ पोरीने त्याला सगळ्यांदेखत सांगितलं. तेव्हा मात्र त्याने चहा मागवला.

संध्याकाळी प्रत्येक फोटोखाली दोन बटणं आली: 'वर' आणि 'खाली'. सगळ्या ब्राउझरांत चालतात, बोटाला कळतात, कीबोर्डवरूनही दाबता येतात. काका खूष, सूनबाई खूष. ओढाओढीकडे कुणी फिरकत नाही. महिनाअखेरीच्या बिलात याने वेगळी ओळ टाकली: 'ॲक्सेसिबिलिटी सुविधा, ग्राहकाच्या खास आग्रहावरून'.