कुणाकडं आलाव?

सोलापूर स्टेशनावर उतरलेल्या पाहुण्याला रिक्षावाला पहिला प्रश्न विचारतो, "अक्कलकोट का तुळजापूर?" आपलं शहर म्हणजे दोन देवांच्या मधला थांबा, हे आम्ही सोलापूरकरांनी केव्हाच पत्करलंय. जाताना पाहुणा चार चादरी, दोन टॉवेल आणि अर्धा किलो शेंगाचटणी बांधून घेतो, की झालं आमचं पर्यटन. अप्पांना मात्र हे मंजूर नाही.

अप्पा आमचे शेजारी. वय 76. त्यांचं खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. कॉलनी त्यांना 'अकरातालुके' म्हणते. "आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके हायत. तुम्ही किती बघितलाव?" हा प्रश्न ते लग्नाच्या पंगतीत विचारतात, मयतीला जमलेल्या लोकांना विचारतात, एकदा तर त्यांनी ईसीजी काढणाऱ्या पोराला वायरी लावलेल्या अवस्थेत विचारला. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे "चार" म्हणालो. त्यातलं एक तुळजापूर निघालं.

"ते परजिल्ह्यात जातं," अप्पा म्हणाले. "तीन धरा."

हद्दीच्या बाबतीत अप्पा तलाठ्याहून कडक. तुळजापूर सोलापूरपासून पाऊण तासावर, भवानी त्यांची कुलदेवता. दरवर्षी सहकुटुंब जातात, ओटी भरतात, पण वहीत नोंद नाही. "आई आपली हाय, तालुका त्यांचा हाय." नळदुर्गचा किल्ला, तिथला नर-मादी धबधबा, सगळं धाराशिव जिल्ह्यात, पावसाळ्यात अख्खं सोलापूर तिकडं धावतं आणि अप्पा गॅलरीत बसून जाणाऱ्या गाड्यांकडं फितुरांकडं बघावं तसं बघतात.

हे वेड आलं कुठून? अप्पांनी चाटी गल्लीतल्या एका घाऊक कापड दुकानात 34 वर्षं वसुलीचं काम केलं. काखेत वही, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि रोज एक गाव. स्टँडवर अप्पा उतरले की बातमी त्यांच्या आधी पेठेत पोचायची. "कुणाकडं आलाव?" असं पानपट्टीवाला विचारायचा तो आदरातिथ्य म्हणून नव्हे, तर ज्याच्याकडं आलेत त्याला वेळेत सावध करता यावं म्हणून. शटर खाली. मालक 'आत्ताच पुण्याला गेले'. एकदा तर अप्पांनी मालकाचे पाय काउंटरखाली पाहिले आणि पायांनाच नमस्कार करून परत आले. "चौतीस वर्षं गावं बघितली," ते म्हणतात, "पण सगळी पाठमोरी."

निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांनी पार्क चौकात बसून काढली. मग ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, आणि पुढं यथावकाश अप्पांचीही पंचाहत्तरी झाली. त्या आठवड्यात त्यांनी जुन्या खतावणीतली एक कोरी वही काढली, लाल कापडाच्या बांधणीची, आणि रकाने आखले : गाव, पोचलो, विचारलं, चहा.

'विचारलं' हा त्यातला महत्त्वाचा रकाना. गाव बघण्यालायक आहे की नाही, हे अप्पा देवळावरून, किल्ल्यावरून ठरवत नाहीत. स्टँडवर उतरल्यापासून किती मिनिटांत कोणीतरी "कुणाकडं आलाव?" म्हणतं, ते घड्याळ लावून मोजतात. पाच मिनिटांच्या आत विचारलं तर गाव पास. पंधरा मिनिटं गेली तर ते गाव शहर झालं, त्याचं भलं होवो. या कसोटीवर पंढरपूर आणि अक्कलकोट दोन्ही बाद. "तिथं कशाला कोण विचारंल? उत्तर ठरल्यालं हाय. एकीकडं विठोबा, एकीकडं स्वामी." अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार मात्र बघण्यासारखं आहे, असा शेरा त्यांनी वहीत बारीक अक्षरात दिलाय. बाद झालेल्याला ग्रेस मार्क.

वसुलीवाला माणूस इतिहास कसा वाचतो ते मला अप्पांबरोबर मंगळवेढ्याला गेल्यावर कळलं. दामाजीपंतांनी दुर्गादेवीच्या दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली, आणि धान्याचे पैसे वेश पालटून स्वतः विठोबानं दरबारात नेऊन भरले, ही कथा आपण भक्तिभावानं ऐकतो. अप्पा दामाजीच्या देवळात हात जोडून उभे होते, डोळे पाणावलेले. मला वाटलं, भक्ती. बाहेर आल्यावर म्हणाले, "चौतीस वर्षांत असं एकदा घडलं नाही ओ. तिसराच माणूस येतोय, रोख भरतोय, वर पावती घिऊन जातोय." मंगळवेढ्याची ज्वारी भौगोलिक मानांकन मिळवून बसलीये, अप्पांना तिथल्या मालदांडीची भाकरी एका अनोळखी घरात जेवायला मिळाली, तेव्हापासून वहीत मंगळवेढ्यापुढं दोन टिक आहेत.

माढ्याचं त्यांना अवघड जागचं दुखणं आहे. तालुक्याचं गाव माढा, पण बाहेरचा माणूस ओळखतो कुर्डुवाडीला, रेल्वेमुळं. याच कुर्डुवाडीहून 1897 साली बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी सुटली होती. आता तिथं ब्रॉडगेज आहे आणि अप्पांच्या मते मजा गेली, कारण जुन्या गाडीतून समोर दिसणारा बाकीदार उडी मारून पळायचा तरी अप्पाही उडी मारून त्याला गाठू शकायचे. तर माढा. रा. चिं. ढेरे यांनी माढ्याच्या विठ्ठलमूर्तीबद्दल मांडलं की पंढरपूरची मूळ मूर्ती ती हीच असावी. हे अप्पांना कोणीतरी सांगितलं आणि त्यांना आठ दिवस झोप नाही. "म्हंजे गोडाऊन माढ्यात आन् शोरूम पंढरपुरात!" एवढं बोलून त्यांनी लगेच दोन्ही कान धरले, विठ्ठल विठ्ठल म्हणाले, आणि वाक्य पुन्हा दुसऱ्या माणसाला सांगायला गेले.

नान्नजला माळढोक बघायला आम्ही तीनदा गेलो. 1979 पासूनचं अभयारण्य. माळ दिसला, काळवीट दिसले, माळढोक नाही. माझी चिडचिड झाली. अप्पा मात्र शांत. गवताकडं बघत म्हणाले, "हाय तो. मला सवय हाय. दिसत न्हाई म्हंजे घरातच हाय." सांगोल्याबद्दल त्यांचं एक दुःख आहे. 2022 साली सांगोल्याचे आमदार गुवाहाटीला गेले आणि तिथली झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं फोनवर कौतुक करून महाराष्ट्रभर गाजले. अप्पांना राजकारणाशी देणंघेणं नाही. "पर सांगोल्याची डाळिंबं काय झाडीत येत न्हाईत?" ते अजून विचारतात.

गेल्या हिवाळ्यात अप्पांचा भाचा टेक्सासहून आला. सॉफ्टवेअरमधला, चाळिशीचा, फोनवर याद्या करणारा. त्यानं कौतुकानं मामाला यादी दाखवली, टेक्सासमधली बघण्यासारखी लहान लहान गावं. यादीत फ्रेडरिक्सबर्ग होतं. 1846 साली जर्मन लोकांनी वसवलेलं, रुंद मेन स्ट्रीट, दगडी जुनी घरं, रस्त्याकडेला पीचची विक्री. फोटो खरोखर गोड होते. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळे बघितले.

"लोक कुठं हायत?"

"मामा, फोटोत नाहीयेत. गाव बघायचंय ना."

"लोकं न्हाईत तर विचारणार कोण?"

भाच्याला कळेना. मग त्यानं मोठेपणा सांगायला म्हणून सांगितलं की टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, आणि त्यात 254 काउंट्या. काउंटी म्हणजे काय, तर आपल्याकडचा जिल्हा म्हणा नाहीतर तालुका म्हणा. हे ऐकून अप्पा गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला न्यूनगंड दिसला. रात्री पावणेअकराला त्यांनी माझी बेल वाजवली. "दोनशे चोपन्न," एवढंच म्हणाले आणि गेले.

सकाळी मात्र पहिल्या गाडीनं आम्ही तिघं करमाळ्याला. करमाळा जिल्ह्याच्या पार कोपऱ्यात. सोलापूरचा माणूस तिकडं बदली झाली तरच जातो. स्टँडवर उतरलो. अप्पांनी घड्याळ बघितलं. भाच्यानं पाठीवरची सॅक सावरली. बाकावर एक म्हातारा तंबाखू मळत होता. पांढरं धोतर, गुडघ्यावर काठी आडवी. त्यानं आधी भाच्याचे बूट बघितले, मग सॅक, मग अप्पा. चुना लावला. अंगठा दोनदा फिरवला. तळहातावर टिचकी मारली. चिमूट ओठाखाली ठेवली, आणि मगच :

"कुणाकडं आलाव?"

"तीन मिनिटं," अप्पा भाच्याच्या कानात म्हणाले. मग मोठ्यानं, "कुणाकडं न्हाई. गाव बघायला आलोय."

"कुठलं?"

"हेच की."

म्हाताऱ्यानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. रात्रीत कोणी गाव बदलून गेलं की काय, याची खात्री केल्यासारखं. "हितं काय हाय बघाय?"

अप्पांनी उत्तर दिलं नाही. मला कोपरानं ढोसलं : थांबा. म्हातारा अर्धा मिनिट गप्प. मग परक्या माणसानं आपल्या गावाला नावं ठेवल्यासारखा तो एकदम उसळला, खरं तर नावं त्यानंच ठेवली होती. "काय न्हाई कसं? देवीच्या माळावर गेलाव का? कमलाभवानी बघितली का? बारव?" आणि तो जो सुरू झाला, तो काठी टेकत आमच्याबरोबर रिक्षात बसला. भाडंही त्यानंच दिलं. अप्पांनी दोनदा खिशात हात घातला, त्यानं दोनदा दटावलं. ज्या तालुक्यात 34 वर्षं पैसे काढताना दमछाक झाली, तिथला माणूस आता पैसे देतोय आणि आपण नको म्हणतोय, हे अप्पांना झेपत नव्हतं. रिक्षाच्या आरशात त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

देवीचं देऊळ रावरंभा निंबाळकरांनी 18व्या शतकात बांधलेलं. उंच दीपमाळा, मोठी ओवरी. आणि बारव. तिला 96 पायऱ्या. म्हाताऱ्यानं आकडा सांगितल्याबरोबर अप्पांच्या अंगात जुना माणूस संचारला. सांगितलेली रक्कम न मोजता घेणं त्यांच्या रक्तात नाही. ते मोजत उतरले. खालून ओरडले, "पंच्याण्णव!" मोजत वर आले. "सत्त्याण्णव." धापा टाकत होते.

"मामा, सरासरी शहाण्णवच आली," भाचा म्हणाला.

"वसुलीत सरासरी नसती," अप्पा म्हणाले आणि परत उतरायला लागले. तिसऱ्या खेपेला अर्ध्यात भेटलेल्या एका बाईनं विचारलं, "कुणाकडं आलाव?" आणि आकडा चुकला. वहीत अजून 'करमाळा, बारव : येणे बाकी' असं आहे.

म्हाताऱ्याच्या घरी चहा झाला, मग शेंगाची पोळी झाली. निघताना त्यानं अप्पांना विचारलं, "तुमच्याकडं सोलापुरात बघाय काय हाय?" अप्पांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. "अक्कलकोटला जाताना उतरा," असं ते म्हणाले, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. परतीच्या प्रवासात ते मोहोळपर्यंत बोलले नाहीत.

भाचा परत गेला. दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं शनिवारची रात्र. अप्पांनी मला हाक मारली. तो सहकुटुंब फ्रेडरिक्सबर्गला जाऊन आला होता. सांगत होता, गाडी लावून मेन स्ट्रीटवर चालत निघालो, तर एका दुकानाबाहेर बाकावर टोपीवाला म्हातारा बसलेला. त्यानं आधी बूट बघितले.

"मग?" अप्पा खुर्चीत पुढं सरकले.

"मग म्हणाला, कुठून आलात तुम्ही मंडळी?"

"किती मिनिटांत?"

"मामा, मी काय घड्याळ लावलं होतं? असतील चार-पाच."

"चार का पाच?"

"चार."

अप्पांनी मला खुणेनं वही मागितली. "तालुका कुठला ह्या गावाचा?"

"गिलेस्पी काउंटी. तिथलं मुख्यालयच आहे ते."

"म्हंजे तालुक्याचं गाव हाय की!" अप्पांनी पान उलटलं, डोक्यावर 'टेक्सास' लिहिलं, खाली रेघ मारली आणि जुन्या सवयीच्या वळणदार अक्षरात नोंद केली : जमा 1. बाकी 253.