पान ५ पैकी ५

आमच्या इमारतीतल्या प्रिंटकाकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते लागतं फक्त कुरिअरवाल्याला. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरावर त्यांचा विश्वास नाही. वीज गेली की जो जातो, तो कागद कसला, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो.

संगणकाशी मात्र त्यांचं वैर नाही. नातवाने एकदा कंट्रोल-पी दाखवलं आणि तेवढी एकच विद्या त्यांनी सिद्ध करून घेतली. वीजबिल असो, रेल्वेचं वेळापत्रक असो की गुडघेदुखीवरचा लेख, समोर आलं की कंट्रोल-पी. मग पहिल्या कागदावर नुसता साइटचा मेनू येतो, दुसऱ्यावर गाद्यांची जाहिरात, तिसऱ्यावर लेख सुरू होतो तो उजवीकडची दोन-दोन अक्षरं गिळून. शेवटचा कागद तर कोराच. फक्त तळाशी वेबसाइटचा पत्ता, तारीख आणि ५/५.

“काका, हा कोरा तरी टाकून द्या.”

“टाकून? उद्या कोणी विचारलं पाचवं पान कुठाय, तर? चार पानांचं प्रकरण अपुरं धरतात, बाबा.” आणि त्यांनी पंचिंग मशीन पुढे ओढलं.

फाइल सेव्ह करणं हा त्यांच्या दृष्टीने प्रिंटपर्यंतचा एक अपघात आहे. फाइल ‘डाउनलोड’मध्ये जाते, एवढं त्यांना ठाऊक आहे, तिथून ती परत आणता येते, हे पटलेलं नाही. म्हणून दर वेळी नव्याने उतरवायची. घरपट्टीचं एकच बिल कंसात एक, कंसात दोन करत कंसात चौदापर्यंत गेलंय. चौदा वेळा भरायचं की काय, या धास्तीने काकूंनी एकदा लॅपटॉपच मिटून ठेवला होता.

आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. काकांनी तो प्रिंटच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहून ठेवलाय, आपल्या माघारी कोणाला कागद उघडायला अडचण नको म्हणून.

याच आधारने त्यांची झोप उडवली होती. कागदावर जिथे सही असायची, तिथे प्रश्नचिन्ह आणि सही वैध की नाही ते माहीत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. “सदतीस वर्षं नोकरी केली,” काका मला म्हणाले, “आणि आता माझ्यावर शंका?” मी त्यांच्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली, सहीवर राइट क्लिक करून ती पडताळून घेतली, प्रमाणपत्रावर विश्वास असल्याचं संगणकाला सांगितलं. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण आली. काकांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. पण प्रिंटर पडला काळा-पांढरा. शेवटी नातीच्या कंपासपेटीतून हिरवा स्केचपेन आला आणि काकांनी जीभ दातात धरून, रेघेच्या बाहेर न जाऊ देता, ती खूण रंगवली.

मी समजावलं, की डिजिटल सही फाइलमध्ये असते, कागदावर उतरतं ते तिचं नुसतं चित्र. कागद खरा की खोटा, ते क्यूआर कोडवरून बघायचं.

“म्हणजे कागदावर सही नाहीच?”

“नाही.”

“मग शिक्का मारून घेऊ.”

डिजिलॉकर २०१५पासून आहे आणि त्यात सरकारी खात्यांकडून आलेल्या कागदाला मूळ कागदाइतकाच मान आहे, हे सांगितल्यावर त्यांनी त्या नियमाचीच प्रिंट मागितली. ट्रॅफिक हवालदाराला दाखवायला!

त्यांचं दुसरं दैवत म्हणजे लॅमिनेशन. दुकानातल्या पावत्यांची अक्षरं काही महिन्यांत उडतात, हे त्यांचं निरीक्षण अगदी खरं. म्हणून फ्रिजची पावती त्यांनी लॅमिनेट करायला दिली. तो कागद उष्णतेने काळा होणारा. त्यावरची छपाईच तशी होते. तापलेल्या मशीनमधून पावती बाहेर आली ती पाटीसारखी काळीकुट्ट. काकांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली. “काळी झाली,” ते म्हणाले, “पण टिकली.” वॉरंटी संपेपर्यंत तो काळा कागद फाइलला होता. वर चिठ्ठी: ‘फ्रिज, मूळ पावती’.

हसणं सोपं आहे. पण मी त्यांच्याबरोबर एकदा बँकेत गेलो आणि माझी बोलती बंद झाली. गावच्या जमिनीचा सातबारा द्यायचा होता. फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी, म्हणून काकांनी पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतरवला होता. २०१८च्या महाराष्ट्र दिनापासून ही सोय आहे आणि सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्या उताऱ्यावरच छापलेलं असतं. काकांनी त्या ओळीला पिवळा हायलायटरही मारला होता. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिला, ओळ पाहिली आणि विचारलं, “यावर तलाठ्याचा शिक्का?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंतीवरची व्याजदरांची पाटी वाचू लागलो. मग त्यांनी पिशवीतून स्वसाक्षांकित प्रत काढली, तिच्यावर बँकेचाच पोच शिक्का मारून घेतला आणि विषय संपला. संपला कसला, पुढच्या टेबलावर साहेब म्हणाले, “हे पोर्टलवर चढवा. दोनशे केबीच्या आत.”

खालच्या सायबरवाल्या पोराने हात पुढे केला. “काका, मूळ पीडीएफ द्या ना.”

“हीच मूळ,” काका म्हणाले. “गोल शिक्का दिसत नाही?”

स्कॅन झालं, तिरकं. पोराने दाबून दाबून ते दोनशे केबीत बसवलं, तेव्हा गट क्रमांकाची मुंगी झाली होती. शिक्का मात्र ठसठशीत. पोर्टलने बिनबोभाट घेतलं. पडद्यावर ‘अर्ज यशस्वीरीत्या सादर’ असं उमटलं. पोरगा ती खिडकी बंद करणार, तोच काकांनी त्याचा हात धरला.

“थांब, थांब! आणि पाठपोट नको, सुटं काढ.”