वेटर तुम्हीच, गिऱ्हाईकही तुम्हीच

क्यूआर कोड जन्मला १९९४ साली जपानमध्ये, डेन्सो या कंपनीत. मोटारीचा कुठला सुटा भाग कुठवर पोचला, एवढंच त्याने सांगायचं होतं. आज तो पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत टेबलाटेबलावर मेनू होऊन चिकटला आहे आणि समोर सुटे भागच बसलेले आहेत. चौघं एकत्र येतात, चार मोबाइल काढतात आणि चार दिशांना जेवायला निघून जातात.

या कोडात दुरुस्तीची सोय असते. ती सर्वांत वरच्या पातळीची असेल, तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. सांबार सांडणाऱ्या देशाला हे वरदानच म्हणायचं. गप्पांना मात्र ही सोय नाही. चौघांतला एक मोबाइलमध्ये शिरला, की बाकी तिघांचा विषयही तिथेच विझतो.

पूर्वी उडप्याकडे पाण्याचे चार ग्लास एका हातात, बोटं आत बुडवून आणणारा माणूस ते आदळून म्हणायचा, "बोला!" आणि मग तोच बोलायचा. इडली, मेदूवडा, साधा, मसाला, म्हैसूर, रवा, उत्तप्पा, सगळं एका दमात. "आज चांगलं काय आहे?" असं विचारलं, की "सगळंच चांगलं" हे ठरलेलं उत्तर. पण सांगताना भुवई जराशी वर गेली, तर वडा सकाळचा आहे हे समजून घ्यायचं. ही भुवई अजून कुठल्याही ॲपमध्ये आलेली नाही. तिथे सगळेच पदार्थ ताजे, सगळेच चकचकीत, आणि त्यातल्या सर्वांत महागड्यावर 'बेस्टसेलर'चा शिक्का.

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया हॉटेलाचे मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे. बेरी पुलावाबरोबर इंग्लंडच्या राणीचं कौतुकही वाढायचे, न मागता आणि बिलात न लावता. २०१९ साली ते गेले. स्क्रीनही न मागता बरंच काही वाढते म्हणा : "यासोबत चीज घ्याल?"

"एक मिसळ, दोन पाव जास्तीचे, तिखट बेताचं, रस्सा मागाहून, आणि बाबांच्या ताकात मीठ नको" हे वाक्य वेटरला निम्मं ऐकूनच कळायचं. आता त्यासाठी चार पानं, दोन 'ॲड' आणि एक ओटीपी लागतो. मिठाचं 'विशेष सूचना' या चौकटीत लिहायचं. ती चौकट कुणीच वाचत नसल्यामुळे ताक खारटच येतं, पण आपलं म्हणणं मांडल्याचं समाधान मिळतं. लोकशाहीत याहून जास्त काय हवं?

ओटीपी म्हणजे मोबाइल नंबर आलाच. नंबराची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ साली दुकानदारांना बजावलं होतं. हॉटेलातही सक्ती कुणीच करत नाही. नंबर दिला नाही तर मेनू उघडत नाही, इतकंच. वेटर भिंतीला टेकून उभा असतो. हाक मारली तर अदबीने येतो आणि म्हणतो, "स्कॅन करा, सर."

खरा घाला पडला तो बिलावर. मराठी माणूस आयुष्यात एकदाही आखाड्यात उतरला नसेल, पण गल्ल्यापाशी त्याने कुस्ती केलेली असते. मित्राचा खिशातला हात धरायचा, पाकीट हिसकायचं, "तुला माझी शपथ आहे" असं गल्लेवाल्यादेखत ओरडायचं! ती कुस्ती आता इतिहासजमा झाली. ज्याच्या मोबाइलवरून ऑर्डर गेली त्याने मुकाट पैसे भरायचे आणि रात्री ग्रुपवर निरोप टाकायचा : "प्रत्येकी २१३ रुपये ५० पैसे. सोलकढी फक्त संज्याची." जुनी एक परंपरा तेवढी तंत्रज्ञानाने जपली. इराण्याचा वेटर बिलाचा आकडा गल्ल्याकडे ओरडून सांगायचा. आता यूपीआयचा डबा तोच आकडा अख्ख्या हॉटेलाला ऐकवतो.

शेवटी 'अनुभव कसा वाटला?' इथे मात्र भिंतीजवळचा वेटर धावत येतो. "सर, पाच स्टार द्या ना, माझं नावही लिहा." 'स्कॅन करा' सोडलं तर बिचाऱ्याशी सगळ्या जेवणात झालेला हा पहिला संवाद. आपण तारे देतो. त्याचं काम आपणच केल्यामुळे ते उत्तम झालेलं असतं.

म्हणूनच सेवाशुल्काचा वाद पुन्हा उकरायला हवा. हे शुल्क बिलात परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. भांडण एवढंच होतं, की गिऱ्हाइकाने हॉटेलला सेवेचे पैसे द्यायलाच हवेत का. ही सेवा केली कोणी, हे कुणी विचारलंच नाही. ऑर्डर आम्ही घेतली, मुदपाकखान्याला आम्ही कळवली, वसुली आम्ही केली आणि प्रशस्तिपत्रही आम्हीच लिहिलं. तेव्हा ते सेवाशुल्क हॉटेलने आम्हाला द्यावं. शिवाय एक वेळचा चहा आणि आठवड्याची सुट्टी. टिप ऐच्छिक आहे. बडीशेपेच्या बशीत ठेवली तरी आम्ही समजून उचलू.