कादंबरी कुठवर आली?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गळती, पाण्याची टाकी आणि पुनर्विकास हे तीन विषय संपले, की अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत हल्ली माझी ग्राफिक कादंबरी असते. तळमजल्यावरचे काका चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "काय हो, कुठवर आलं तुमचं?" आणि मी शाईने काळी झालेली बोटं खिशात लपवून म्हणतो, "होत आलंय." तशी इतिवृत्तात नोंद होते. पुढच्या वर्षी ते इतिवृत्त वाचून कायम केलं जातं.

तुम्हाला म्हणून सांगतो, मी मूळचा एका चौकटीचा माणूस. दिवाळी अंकांना व्यंगचित्रं, मधल्या दिवसांत मुंजीच्या पत्रिका आणि गणेशोत्सव मंडळांच्या अहवालांची मुखपृष्ठं, यावर माझं बरं चाललं होतं. एका चौकटीचं सुख असं, की तिच्यातला माणूस पुन्हा भेटत नाही. नवरा, बायको, लाटणं, खाली एक ओळ; मानधनाचा चेक येईपर्यंत त्या नवऱ्याचं नाक कसं होतं हे मीही विसरलेला असतो. शि. द. फडणीसांनी तर ती खालची ओळसुद्धा लागू दिली नाही. 'आवाज'च्या खिडकीत चित्रं दोनच, खिडकी मिटलेली असताना वाटतं ते आणि उघडल्यावर दिसतं ते. आंबटशौकीन वाचकाची फजिती झाली की खेळ संपला. तिसऱ्या चित्रात काय होतं, हे आमच्या धंद्यात कोणी विचारत नाही. मी विचारलं.

कादंबरीचा नायक एक कारकून. घर बोरिवलीला, नोकरी अंधेरीला, गोष्ट एकाच दिवसाची. म्हटलं, एक दिवस काढायला असे किती दिवस लागणार? पहिल्या पानावर त्याला ऐटीत बाकदार नाक दिलं. समोरून बघितल्यावर ते बाकदार दिसेना म्हणून लांब केलं, लांब केल्यावर तो उदास दिसायला लागला म्हणून जरा वर उचललं, आणि पाठमोऱ्या माणसाला नाक नसतं हा शोध लागल्यावर पुढची बरीच पानं तो पाठ फिरवूनच चालला. अखेर तो वळला, तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, हा दुसरा कोण आला?" चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून पेपरात येत होता, रोज तोच चिंटू, आणि मी इतकी वर्षं तो चहाबरोबर निर्धास्त वाचत होतो, तोच पोरगा उद्या पुन्हा काढणं म्हणजे काय, हे आता कळतंय. शेवटी ओळख पटावी म्हणून नायकाच्या गळ्यात मी मफलर घातला. बोरिवलीत. मे महिन्यात.

नाकाचं निभावलं, तर रस्ता आडवा आला. सुरुवातीची पानं काढली तेव्हा न्यू लिंक रोडवर आभाळ होतं, ते मी हौसेने वायरींसकट काढलं. मग पत्रे लागले. मग खांब उभे राहिले. २०२२ च्या गुढीपाडव्याला मेट्रोच्या २-अ आणि ७ या मार्गांचा पहिला टप्पा सुरू झाला, जानेवारी २०२३ मध्ये उरलेला झाला, आणि जे दिसतं तेच काढायचं हा माझा बाणा असल्यामुळे, नायक एकसरहून स्टेशनकडे निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावर मोकळं आकाश होतं, नाक्यावर पोचला तेव्हा सिमेंटचा खांब होता, आणि रिक्षावाल्याला सुट्टे मोजून देईपर्यंत वरून मेट्रो गेली. गोष्टीत दहा मिनिटं झाली आहेत.

शेजारशेजारच्या दोन चौकटींतला रस्ता जुळवणं हेही मला साधत नाही. डावीकडे पुलाचा कठडा नायकाच्या कमरेला, उजवीकडे छातीला. याची मला फार लाज वाटायची. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीच्या नव्या गोखले पुलाची एक बाजू उघडली आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळेना, दीड-दोन मीटरचा फरक. पेपरातला तो फोटो मी कापून ड्रॉइंग बोर्डाच्या वर चिकटवला आणि कितीतरी महिन्यांनी शांत झोपलो. पण पुढे त्यांनी जॅक लावून उड्डाणपूल उचलला आणि जुळवलाही. माझ्याकडे जॅक नाही.

फुग्यांचा छळ वेगळाच. आपल्या लिपीत शब्दांच्या डोक्यावर मात्रा, वेलांट्या, रफार आणि पायाशी उकार, त्यामुळे दोन ओळींत ऐसपैस जागा सोडावी लागते, नाहीतर खालची वेलांटी वरच्या उकारात अडकते. त्यात नायक बोलघेवडा. एका पानावर त्याचा फुगा असा काही वाढला, की खाली फक्त बूट उरले, मफलरही गेला. तेव्हा लेकीने दया येऊन अक्षरं संगणकावर टाकून दिली, तर चित्रांच्या त्या सॉफ्टवेअरने सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या उचलून एकेक घर पुढे नेऊन ठेवल्या. स्टेशनच्या पाटीवर 'बोरविली' आलं. बाकी स्टेशन हुबेहूब होतं.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि शाई फुटते. जुलैत लोकलच्या डब्याचं पान काढलं, एकेक चेहरा निरखून. ते वाळेना म्हणून दोरीवर परकर आणि पंच्यांच्या मधोमध चिमट्याने अडकवलं, तरी वाळेना म्हणून इस्त्री फिरवली, आणि इस्त्री वाफेची आहे हे वाफ आल्यावर कळलं. सगळ्या चेहऱ्यांचा मिळून एक काळा लोळ झाला. लोकलची गर्दी इतकी खरी मला पुन्हा काढता आलेली नाही.

घरात माझी बाजू मांडायला मी थोरांचे दाखले जमवून ठेवलेत. ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये नर्मदेच्या आंदोलनावर चित्रकादंबरी केली, सारनाथ बॅनर्जींचं 'कॉरिडॉर' २००४ मध्ये आलं, अमृता पाटील यांची 'कारी' २००८ मध्ये. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे त्यांच्या आल्या." मी वसंत सरवट्यांचं नाव काढलं, मोठा माणूस, एसीसीत इंजिनिअर असून आयुष्यभर चित्रं काढली. ती म्हणाली, "नोकरी होती ना पण?" मग मी अमेरिकेत गेलो. आर्ट स्पीगलमन 'माउस'ची प्रकरणं १९८० पासून छापत होते, ते पुरं व्हायला १९९१ उजाडलं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, आणि त्यात ज्यूंना त्यांनी उंदरांची तोंडं दिली आहेत. आता ही गप्प बसेल असं वाटलं.

"अहो, मग तुम्हीही उंदीरच काढा की. माणसं कुठे जमतायत तुम्हाला?"

एवढं होऊनही नायक ऑफिस सुटून घरी निघाला, तेव्हा ती पानं मी तळमजल्यावरच्या काकांना दाखवली. काकांची हयात पश्चिम रेल्वेत गेली, म्हणजे डब्यात उभं राहून. त्यांनी मफलरबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त एका चौकटीवर बोट ठेवलं.

"अंधेरीला याने विरार फास्ट पकडलीय?"

"हो."

"आणि बोरिवलीला उतरणार?"

"घर आहे ना त्याचं तिथे."

"असू दे की घर. दारात विरारवाले आहेत. उतरू देतील का?"

यावर काय बोलणार? बोरिवलीचा माणूस संध्याकाळी विरार फास्टमध्ये शिरला तर त्याचं काय होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि माझा बाणा तर जे दिसतं तेच काढायचं. तेव्हा नायकाला मी उतरू दिलं नाही. डोक्यावर बॅग धरून तो दहिसर, मीरा रोड, भाईंदर करत खाडी ओलांडून गेला आणि वसईला लोंढ्याबरोबर एकदाचा फलाटावर पडला. वसई मी कधी काढलेली नाही. गेल्या रविवारी स्केचबुक घेऊन जाऊन आलो, तर ती काढायलाच एक पावसाळा लागेल असं दिसतंय. एका दिवसाच्या गोष्टीत आता मुक्काम आला आहे.

बायकोला हे सांगितलं, तर पहिल्यांदाच तिने कादंबरीत मनापासून रस घेतला. म्हणाली, "अहो, पण त्याच्या घरी कळवलंत का?"

घरचं माणूस मी अजून एकही काढलेलं नाही.