बापूंचा पाचवा गडी

शाहू स्टेडियमवर चारचा सामना असला की बापू अडीचला येऊन बसतात. खेळाडूसुद्धा इतक्या लवकर येत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की गोल काय कुणीही बघतं. संघ अंग मोकळं करायला उतरतो तेव्हा कोण कुणाच्या शेजारी घुटमळतंय, त्यावरून आजची मांडणी ओळखायची असते. बहुतेक वेळा ती चुकते. मग बापू म्हणतात, "कोचनं ऐन टायमाला बदललं."

कोल्हापुरात असा एक बापू प्रत्येक तालमीत असतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा... नावं तालमींची, मूळ कुस्तीच्या मातीतलं, आणि हंगाम आला की सगळा जीव फुटबॉलमध्ये. आमच्या बापूंची तालीम कोणती ते सांगत नाही; सांगितलं तर बाकीच्या पेठा हा मजकूर इथंच टाकून देतील. बापू स्वतः स्टॉपर होते. त्यांच्या काळी बचावाचे नियम दोनच. चेंडू दिसला तर तो फोडायचा, नाही दिसला तर जो दिसेल त्याला.

पुढं गुडघा गेला आणि बापू विचारवंत झाले.

आता ते आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनबद्दल असं बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं गृहस्थ मंगळवार पेठेतले. "१९२५ ला ऑफसाइडचा नियम सैल केला. आधी पुढं तीन गडी लागायचे, मग दोनच पुरले. गोलांचा पाऊस! चॅपमननं काय केलं? मधला हाफ उचलून मागं नेला. झाला तिसरा बॅक." १९५३ साली हंगेरीनं वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं, त्याचं दुःख इंग्रजांपेक्षा बापूंना जास्त आहे, कारण त्यात जॉन्स्टन नावाच्या एका स्टॉपरची अब्रू गेली. हंगेरीचा हिदेगकुटी पाठीवर नऊ नंबर घालून मागं मागं सरकत होता. त्याच्यामागं जावं तर मध्यभागी भगदाड, न जावं तर तो मोकळा. "त्या जॉन्स्टनचं काय चुकलं सांग," असं बापू कुणालाही थांबवून विचारतात. २००४ मध्ये टॉटनहॅमनं गोलसमोर गर्दी केल्यावर मौरिन्हो चिडून म्हणाला होता, की यांनी मैदानात बस आणून उभी केली. बापूंच्या मते ती केएमटी असणार. एकदा उभी राहिली की हलत नाही.

इथवर ठीक होतं. पण मग लेकीनं त्यांना अमेरिकेला नेलं.

ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात, संघात आपला अनिकेत जाधव, आणि सहा तारखेला दिल्लीत पहिलाच सामना अमेरिकेशी. नेमक्या त्या दिवशी बापू डॅलसजवळ लेकीच्या घरी! तिथं सकाळचे साडेनऊ. सगळी कॉलनी कामावर गेलेली आणि एका घरातून "आरं दे की विंगला!" अशी आरोळी उठत होती. भारत ०-३ हरला. बापू दिवसभर जेवले नाहीत, असं लेक सांगते. एकदाच जेवले, असं जावई सांगतो.

दुसऱ्या दिवशी जावयानं त्यांचं मन रमावं म्हणून टीव्हीवर तिकडचा फुटबॉल लावून दिला. अंड्याच्या आकाराचा चेंडू, तो हातात धरून पळायचं आणि म्हणायचं फुटबॉल! पहिला अर्धा तास बापूंनी तो खेळ मानलाच नाही. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की चढाई करणारा संघ ५३ यार्डांच्या रुंदीत पार या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पांगून उभा राहतोय. तिथं याला स्प्रेड म्हणतात. मुळात हा डाव दुबळ्यांचा. ज्या शाळा-कॉलेजांकडे आडदांड पोरं नव्हती त्यांनी ठरवलं, की मधल्या रेटारेटीत पडायचंच नाही, मैदान फाकवायचं आणि समोरच्या पैलवानांना रिकाम्या जागेत पळायला लावायचं. मग धिप्पाड संघांनीही तोच उचलला.

बचाव करणाऱ्यांची पंचाईत झाली. पूर्वीची मांडणी ४-३, म्हणजे पुढं चार जाडजूड, त्यांच्यामागं तीन दणकट लाइनबॅकर आणि मागं चार राखणदार. समोरचे पांगले की दणकट गडी हलक्या पोराच्या मागं धावताना धापा टाकायचा. म्हणून एक दणकट बाहेर आणि एक चपळ राखणदार आत. या पाचव्यामुळं मांडणीला पाच सेंटच्या नाण्याचं नाव पडलं, निकेल. सहावा आला की दहा सेंटचं, डाइम. एकेकाळी अडीअडचणीला येणारा हा पाचवा गडी आता जवळजवळ कायमचा झालाय. अडचण एकच. मागं हलकी पोरं वाढवली की समोरचा चेंडू पोटाशी धरून सरळ मधून घुसतो.

त्या शनिवारी आयोवा स्टेट नावाच्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या संघानं ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ असं हरवलं. ओक्लाहोमाकडे बेकर मेफिल्ड, त्या वर्षीच्या हाइसमन ट्रॉफीचा मानकरी. आयोवा स्टेटचे बचाव प्रशिक्षक जॉन हीकॉक यांनी पुढं तीनच ठेवून मागं खोलवर तीन राखणदार उभे केले होते. चेंडू हलेपर्यंत कोण पुढं येणार आणि कोण मागं थांबणार, ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. बापू हरखले. "उभं ऱ्हायचं एक, खेळायचं दुसरं. ही तर कुस्तीच की!" फक्त एक गोष्ट त्यांना आजही पटलेली नाही. एकतीस खाऊन त्याला बचाव कसं म्हणायचं?

परत आल्यावर बापूंनी कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि शेंगा मांडल्या. अख्ख्या शेंगा आपले गडी, सोललेले दाणे समोरचे. समोरच्यांचे दोन विंगर रेषेला चिकटलेले, त्यातला डावा भलता वेगवान. "आपला बॅक त्याच्या अंगावर गेला, की ह्यो बघ, हितं दरवाजा उघडा. तो बुजवायला स्टॉपर सरकला, की मधलं दार सताड. म्हणून मागं पाच. बॅक बिनधास्त बाहेर जाईल, दार बंदच ऱ्हाईल." मी ऐकता ऐकता विंगवरचा दाणा तोंडात टाकला. बापू क्षणभर बघत राहिले. "आस्सं! ह्याला म्हंत्यात मार्किंग."

शेंगांचं सोपं असतं. पाचवा आत घ्यायचा म्हणजे दुसरा कोणीतरी बाहेर बसवायचा, आणि आमच्याकडं मांडणी ठरते ती तिथं. बापूंनी अमेरिकन हिशेबानं थोरल्या स्टॉपरवर बोट ठेवलं. पोरगं सव्वासहा फुटाचं, वळायला वेळ लागतो हे खरं. पण चौकातल्या डिजिटल फलकावर मधोमध तोच, हाताची घडी घालून. त्याच्या मामाची चहाची टपरी, जिथं बापूंचं सगळं तत्त्वज्ञान उधारीवर चालतं. बापूंचा चहा त्या दिवसापासून अर्ध्या ग्लासातून यायला लागला.

कोच मात्र भावकीत शिरला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बापू, कॉर्नर आल्यावर हेड कोण मारणार?"

बापू दोन दिवस कट्ट्यावर दिसले नाहीत. तिकडं हलक्या पोरांच्या मधून घुसत होते, इकडं डोक्यावरून येणार, दुखणं एकच. शेवटी तडजोड झाली. स्टॉपर राहिला आणि मध्यफळीतला चेंडू खेळवणारा बसला. त्याचा मामा नव्हता.

सामन्याचा पहिला हाफ बापूंचा. डाव्या विंगरला पास गेला की आपला बॅक दोन पावलं अलीकडं थांबायचा, झेप घ्यायचा नाही, त्याला फक्त रेषेकडं ढकलत न्यायचा. आणि कापून आत यायच्या वाटेवर बापूंचा पाचवा गडी, अठरा वर्षांचा नवा पोरगा, आधीच हजर. विंगर दोनदा वळला, तिसऱ्यांदा वैतागून चेंडू मागं दिला. बापू उठून गॅलरीकडं तोंड करून उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "बसा की बापू, दिसंना झालंय!"

दुसऱ्या हाफमध्ये मधली जागा ओस पडली. आम्ही फोडलेला प्रत्येक चेंडू त्यांच्याच पायात, तिथून पुन्हा आमच्यावर. मागं पाच होते, मग सहा, मग आठ. शेवटच्या दहा मिनिटांत चॅपमन, हीकॉक, सगळे बापूंना सोडून गेले. "फोड रं! भाईर घाल! आरं मर्दा, भाईर!" थोरल्यानं असा फोडला, की चेंडू गॅलरीत बापूंच्या मागं चार पायऱ्यांवर पडला. "ह्यो बचाव," बापू म्हणाले.

०-०. टायब्रेकर. पाचवी किक थोरल्यानं मारली, वरच्या कोपऱ्यात, आणि सामना आमचा.

रात्री टपरीवर मामानं सगळ्यांना फुकट चहा पाजला. बापूंपुढं मात्र ग्लास आलाच नाही. "तुमच्या पाचव्या गड्याला सांगा आणायला," मामा म्हणाला. बापूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पोरांचे रिकामे ग्लास ओढून फळीवर मागं सहा लावले, पुढं तीन, आणि एक हातात धरून कुठं ठेवावा या विचारात पडले.

"बापू," मामा म्हणाला, "ग्लास धुवायचं हाईत."